पेटीच्या पोटात

१
बुलढाण्याच्या घाटाखालच्या एका भजनी मंडळाची पेटी माझ्याकडे दुरुस्तीला आली. घेऊन आलेले भाऊ म्हणाले, “बोलूनच नाई राह्यली.” कोणता सूर, विचारले. “सगळेच.”

सगळे सूर एकदम बंद पडले की दोष सुरांत नसतो, वाऱ्यात असतो. एकच सूर बंद असेल तर वारा ठीक आहे, त्या सुरापाशी बघायचे. निम्मी दुरुस्ती या एका प्रश्नात होते.

२
तपासायचा क्रम: वारा, झडप, सूर (म्हणजे आतली पितळी जीभ). असे गेले तर पेटी गरजेपेक्षा जास्त उघडावी लागत नाही.

३
वारा तपासताना सगळ्या खुंट्या बंद कराव्यात, भाता चार-पाचदा मारावा आणि हात काढून घ्यावा. पोटातला भाता सावकाश बसला तर ठीक. भसकन बसला तर गळती आहे. मग उदबत्ती लावावी आणि सांध्यांवरून, कोपऱ्यांवरून, भात्याच्या घड्यांवरून हळूहळू फिरवावी. धुराची सरळ रेघ एखाद्या जागी एकदम बाजूला कलते. तिथे पेन्सिलीने खूण करावी. गळती शोधायला यापेक्षा चांगले हत्यार मला माहीत नाही.

नंतर खुंट्या उघडून, एकही पट्टी न दाबता, पुन्हा हेच. आता फुसफुस वाढली तर वारा झडपांखालून जातो आहे.

४
नाटकातल्या ऑर्गनचे उलटे. पेटीत हवा सुरांवर ढकलली जाते, पायाच्या ऑर्गनमध्ये ती सुरांतून ओढली जाते. तिथे उदबत्तीचा धूर बाहेर फेकला जात नाही, फटीत आत शिरतो.

५
घाटाखालची गावे: खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. लाकूड आकसते, सांधे उघडतात, पेटी हवा सोडते. आषाढ-श्रावणात तेच लाकूड फुगते आणि पट्ट्या एकमेकींना घासू लागतात. मंडळवाले उन्हाळ्यात म्हणतात भाता गेला, पावसाळ्यात म्हणतात पट्टी बिघडली. उन्हाळ्यात आलेल्या पेटीच्या सांध्यात मी भर घालत नाही. पावसात आलेल्या पेटीच्या पट्ट्या घासत नाही. ऋतू उलटला की दोन्ही दुरुस्त्या अंगावर येतात.

६
बोथ्याचा घाट चढून बुलढाण्याला गेले की हवा बदललेली कळते. पेटीलाही कळते. घाटावर जाणारी पेटी असेल तर पट्ट्या केसभर जास्त मोकळ्या ठेवतो.

७
पट्टी खाली जाते, वर येत नाही. पेट्यांची ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार.

आधी शेजारच्या दोन्ही पट्ट्या हळूच दाबून धराव्यात. अडकलेली पट्टी सुटली तर लाकूड लाकडाला घासते आहे. बारीक पॉलिशपेपरची पट्टी मधून एक-दोनदा फिरवली की पुरते. सुटली नाही तर मागची तार पाहावी. झडप दाबून धरणारी ही बारीक तार वर्षानुवर्षांच्या दाबाने मऊ पडते किंवा खाचेतून निसटते. निसटली असेल तर चिमट्याने परत बसवायची. मऊ पडली असेल तर बदलायची, पण नवी तार शेजारणींइतक्याच जोराची हवी. जास्त कडक बसवली तर पट्टी झटकन वर येते, मात्र तेवढीच एक पट्टी बोटाला जड लागते आणि गजराची लय वाढली की वाजवणारा नेमका तिथे अडखळतो. श्रोते म्हणतात बुवांचा हात बसलेला नाही.

तारही ठीक असेल तर पट्टीला सरळ ठेवणारा खिळा बघावा. गंज असेल तर तो काढून शिसपेन्सिलीची भुकटी चोळावी.

८
तेल घालू नका. खोबरेल नको, शिवणयंत्राचे नको, गाडीचे तर नकोच. पहिला आठवडा पट्टी पळते, नंतर तेलावर धूळ बसून चिखल होतो आणि लाकूड ते तेल परत देत नाही.

९
उलटी तक्रार: पट्टी वर आली तरी सूर गातच राहतो. झडपेखालचे चामडे कडक झाले आहे, किंवा त्याखाली काही अडकले आहे. एका पेटीत अक्षता निघाल्या.

१०
वर न येण्याची तक्रार पियानोचीही. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोज हे वाद्यांचे दुकान १८६५ पासून आहे. भिंतीला लावून ठेवायचा उभा पियानो पारशी, गोवेकर आणि ईस्ट इंडियन घरांतून असायचा, काही घरांत अजून आहे. त्याच्या ८८ पट्ट्यांपैकी प्रत्येकीमागे तरफा, सांधे, हातोडी आणि तार दाबून गप्प करणारी गादी, असा सगळा संसार असतो. हातोडीच्या सांध्यात एक बारीक पिन आणि तिच्याभोवती नमद्याचे अस्तर. समुद्राच्या दमट हवेत नमदा फुगतो, पिन आवळली जाते, हातोडी तारेवर जाऊन परत येताना रेंगाळते. दुसऱ्यांदा पट्टी दाबली तर आवाजच नाही.

मोठ्या आडव्या पियानोत हातोडी स्वतःच्या वजनाने खाली पडते. उभ्या पियानोत ती आडवी धावते, म्हणून तिला परत आणायला बारीक तार आणि कापडी फीत लागते. जुन्या उभ्या पियानोत आधी हीच फीत कुजते.

११
खाली नेणे हे बोटाचे काम, वर आणणे हे वाद्याचे. पेटी असो की पियानो, बहुतेक बिघाड वर येण्यात आहेत.

१२
एका पेटीचा मंद्रातला पंचम घरघरत होता. सूर काढून खिडकीशी उजेडात धरला. पितळेची जीभ आणि तिची चौकट यांमधली फट केसाएवढी. त्या फटीत, टोकाजवळ, दोन काळे कण. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हलकेच सरकवली, कण कागदावर आले. बोटाने चोळले तर वास आला: बुक्का.

सूर परत बसवला. स्वच्छ. मंडळाने नव्या पेटीसाठी वर्गणी सुरू केली होती.

१३
दसऱ्याला पेटीची पूजा जरूर करावी. झाकण लावून करावी.

१४
काही साले, एकाखाली एक.
१८४२: पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबें यांना ‘हार्मोनियम’चे पेटंट.
१८६५: मुंबईत फुर्टाडोज.
१८७०: जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा सुरू, कापसासाठी.
१८७५: कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांचे द्वारकिन हे वाद्यांचे दुकान. मांडी घालून, एका हाताने भाता मारून वाजवायची पेटी पुढे याच घराने रुळवली.
१८७८: शेगावात गजानन महाराज प्रकट झाले.

१५
खामगावातली एक पेटी जिनिंगच्या जवळच्या खोलीत राहायची. झडपांच्या चामड्यावर कापसाचा तंतू बसलेला होता, पातळ, सारखा, मुद्दाम अंथरल्यासारखा. मऊ ब्रशने झाडला. पेटीवर जाड कापडाची खोळ घालायला सांगितली.

१६
मंडळाच्या पेटीत सगळ्या पट्ट्या सारख्या झिजत नाहीत. काळी चार, काळी पाच यांच्या आसपास पांढऱ्या पट्ट्यांच्या कडा गोल झालेल्या, खालच्या टोकाला जवळजवळ कोऱ्या. पेटी उघडण्याआधीच कळते की या गावात गाणारा उंच गातो. झिजलेल्या भागातल्या तारा आणि चामडी आधी तपासतो. पट्ट्या मात्र बदलत नाही. त्या झिजेवर बोटे बसलेली असतात.

१७
सूर लावण्याचे तत्त्व थोडक्यात. जिभेचे टोक अगदी किंचित घासले तर ते हलके होते आणि सूर चढतो. मुळाशी घासले तर ती कमजोर होते आणि सूर उतरतो. दोन-तीन ओढी, मग बसवून ऐकायचे, पुन्हा काढायचे. घासलेले पितळ परत येत नाही. टोक जास्त घासले गेले म्हणून मूळ घासायचे, मूळ जास्त झाले म्हणून टोक, असे करत काहींनी जिभा कागदासारख्या पातळ केलेल्या पाहिल्या आहेत. ते बघून जीव तुटतो. जुन्या जर्मन, फ्रेंच सुरांचा संच आता सहज मिळत नाही.

घासण्याआधी धूळ काढून ऐकावे. कितीतरी सूर तेवढ्यानेच जागेवर येतात.

१८
लावलेला सूर पुन्हा उतरला. पुन्हा लावला, पुन्हा उतरला. आता घासू नये. जिभेच्या मुळाशी, रिव्हेटजवळ, बारीक तडा गेलेला असतो. आज ना उद्या कीर्तन ऐन रंगात असताना ती जीभ तुटणार. सूर बदलून टाकावा.

१९
दोन ओळींचे सूर एकत्र वाजताना आवाजात लाटा येतात. सेकंदाला दोन लाटा म्हणजे दोघांच्या कंपनांत दोनचा फरक. लाटा मंदावत मंदावत थांबल्या की दोन्ही सूर एक झाले. यासाठी यंत्र लागत नाही, खोलीतला पंखा तेवढा बंद करावा लागतो.

२०
भजनी मंडळाच्या बुवांना विचारले, पेटीत नेमके काय खटकते? म्हणाले, “गंधार टोचते.” पेटी नुकतीच लावून घेतलेली होती, यंत्रावर बरोबर होती. बुवांचेही बरोबर होते. बारा समान भागांच्या सप्तकात शुद्ध गंधार हा तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. षड्ज ते षड्ज १,२०० सेंट. चौदा म्हणजे फार नाही, पण तंबोऱ्याशेजारी बसून आयुष्य काढलेल्या कानाला पुरेसे आहे.

मंडळ एकाच पट्टीत गात असेल तर त्या षड्जाला धरून गंधार उतरवून देता येतो. मात्र दुसऱ्या पट्टीत गाणारा पाहुणा आला की तोच सूर त्याला टोचेल. हे आधी सांगून, त्यांचा होकार घेऊनच करतो.

२१
१९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. रवींद्रनाथ टागोरही पेटीच्या विरोधात होते. आक्षेप काय, तर सूर ठरीव, मींड येत नाही, श्रुती सापडत नाहीत. आक्षेप खरा होता. बंदी चूक होती.

त्या ३१ वर्षांत वऱ्हाडातल्या देवळांतून पेटी वाजतच होती.

२२
‘मानापमान’ हे संगीत नाटक १९११ साली रंगभूमीवर आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ते पेटीवादक.

नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी पेटीत बदल करून तिला ‘संवादिनी’ म्हटले आणि ती एकट्याने वाजवायचे वाद्य म्हणून मैफलीत मांडली. पेटीवादक आप्पा जळगावकर जालन्याकडचे, सिंदखेडराजाच्या पलीकडचा मुलूख. पेटीत मींड नाही हे मान्य, पण आप्पांची साथ ऐकताना ती आठवत नाही.

२३
उंदीर भात्याची कोपऱ्यातली चामडी आधी खातात. तिथे सरस असतो. पेटीच्या पेटाऱ्यात प्रसादाचा पुडा ठेवण्याची सवय मोडली तर अर्धे भाते वाचतील.

२४
सरस आणि पांढरा गोंद. सरस गरम करावा लागतो, वास येतो, वाळायला वेळ घेतो. पांढरा गोंद सोपा आणि पक्का. पण झडपेचे चामडे कधीतरी पुन्हा काढावेच लागते. सरस ओलसर उबेने सुटतो, चामडे अलगद निघते. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेले काढताना लाकडाचा पापुद्रा सोबत येतो. दुरुस्ती अशी करावी की नंतर येणाऱ्याला ती उकलता यावी.

२५
सुरांचे पितळ गुजरातेतल्या पालिताण्याहून येते. शत्रुंजयाच्या डोंगरावर जैन मंदिरे, पायथ्याच्या गावात पेटीचे सूर करणारे कारागीर. देशभरातल्या पेट्यांत तिथले सूर आहेत. चिखली-मेहकरच्या काकड्याला जो षड्ज लागतो, त्याची जीभ बहुधा तिकडे कापलेली.

२६
महिला भजनी मंडळाच्या एक ताई पेटी घेऊन आल्या. पट्टी अडकलेली. म्हणाल्या, “तुम्ही दुरुस्त करू नका, मले दाखवा कसं करतात ते. दर खेपेला याले पेटी द्या, त्याले द्या, जमत नाही. बसचा कंडक्टर वेगळं तिकीट मागते.”

दाखवले. झाकणाचे स्क्रू कोणत्या क्रमाने काढायचे, काढलेले कोणत्या वाटीत ठेवायचे, तार चिमट्याने कुठे धरायची. त्यांनी स्वतःच तार खाचेत बसवली. पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा बसली. मग सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या आणि एक शेजारची पट्टीही मंद वर येते हे त्यांच्याच ध्यानात आले. माझ्या आले नव्हते. ती तारही त्यांनीच बसवली.

प्रत्येक मंडळात असे एक माणूस हवे. स्क्रूड्रायव्हर, चिमटा, ब्रश, पातळ कागद, पेन्सिल, दोन-चार जास्तीच्या तारा. याहून अधिक काही लागत नाही.

२७
चालत्या दिंडीत वीणा, टाळ, पखवाज. पेटीची जागा मुक्कामाला. शेगावची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. त्या वाटेवरच्या उन्हापावसात आणि ट्रकच्या हिंदकळ्यांत पेटीचे सांधे किती दिवस धरतील, याचा विचार ती बनवताना कोणी केलेला नसतो. प्रवासाला निघणाऱ्या पेटीचा भाता पट्ट्याने किंवा कडीने बंद केलेला असावा आणि खुंट्या आत ढकललेल्या. ती आडवी-उभी टाकू नये.

२८
इंग्रज काळात गरम देशांसाठी वेगळे पियानो बनवून पाठवत. नुसत्या सरसावर भरवसा न ठेवता सांध्यांना स्क्रू, नमदा पिनांनी ठोकलेला. आपल्या हवेत सरस सुटतो हे त्यांना कळले होते. आपल्याकडच्या कित्येक नव्या स्वस्त पेट्यांत सांध्याला एक स्क्रू नसतो.

२९
कीबोर्ड बऱ्याच मंडळांनी घेतला. हलका आहे, उन्हाने बेसूर होत नाही. त्याच्याही पट्ट्या मुक्या होतात. खाली रबराची गादी आणि काळे ठिपके असतात, त्यांवर धूळ बसते. उघडून कोरड्या कापडाने पुसले की बहुधा बोलतात. दुकानदार तसे सांगत नाहीत, नवा घ्यायला सांगतात. कोणाला कीबोर्ड दाखवायचा असेल तर तोही आणावा. मंडळाचे पैसे वाचणे महत्त्वाचे.

३०
तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी. चामडे, लाकडी कडे, झांजा. उन्हात चामडे चढते, पावसात उतरते, शेकून पुन्हा चढवता येते. पेटी शेकता येत नाही. पावसाळ्यात काही मंडळी तसे करून बघतात. चुलीजवळ ठेवलेल्या पेटीची सूर बसवलेली फळी तडकते आणि ती तडकली की त्या पेटीचे फार काही करता येत नाही. दमट झालेली पेटी उघड्या, वाऱ्याच्या खोलीत दोन दिवस ठेवावी. पट्ट्या आपोआप मोकळ्या होतात.

३१
काढलेला जुना सूर फेकू नये. कागदात गुंडाळून, वर पट्टीचे नाव लिहून, पेटीच्याच आत एका कोपऱ्यात ठेवावा. नवा सूर त्याच मापाचा मिळाला नाही तर त्याच्या चौकटीवरून करून घेता येतो.

३२
गजानन महाराजांचा प्रकट दिन माघ वद्य सप्तमीला. त्या आधीच्या आठवड्यात पेट्यांची रांग लागते आणि प्रत्येकाला उद्याच हवी असते. सूर साफ करणे, तार बसवणे एका बैठकीत होते. भात्याची चामडी तशी होत नाही. सरस वाळू द्यावा लागतो, मग भाता मारून पुन्हा उदबत्ती फिरवावी लागते. ज्यांचा भाता बसतो आहे त्यांनी पौषातच पेटी आणून द्यावी, आणि सोबत एका कागदावर लिहून आणावे: कोणता सूर, कोणत्या महिन्यापासून, आधी कोणी उघडली होती.